सगळ्या तारा आमच्या खोलीत

साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला जे घर मिळालं होतं त्याला तीन खोल्या होत्या, आणि त्यातली पहिली आमची नव्हती. ती टेलिफोनची होती. माझे वडील, ज्यांना मी आणि पुढे सगळा कारखाना अण्णा म्हणत असे, तिथे ऑपरेटर होते. पलटणीत असताना ते सिग्नलचं काम शिकले, बरीच वर्षं तोफांच्या आसपास तारा ओढत फिरले, आणि सुटून आल्यावर राहात्यापासून सायकलने अर्ध्या तासावरच्या या कारखान्यात लागले. ऑपरेटर कुठल्याही वेळी हाकेच्या अंतरावर हवा, म्हणून बोर्डाची खोली आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक दार ठेवलेलं होतं. ते दार लावायचं नाही असा नियम होता. त्यामुळे आई भाकरी थापत असे तो आवाज बोर्डावर ऐकू जायचा, आणि बोर्डाचा आवाज चुलीपर्यंत यायचा. विठ्ठलराव नावाचे, शेतातल्या चार नंबर गटाचे कारकून एकदा फोनवर अण्णांना म्हणाले होते, "आज बाजरी न्हाई वाटतं. आवाज जड येतोय." खरंच त्या दिवशी रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी होत्या. दुष्काळाचे दिवस होते आणि मिलो कितीही मळला तरी थापताना चिरायचा.

हंगाम सुरू झाला की घराला मळीचा वास लागायचा आणि तो हंगाम संपला तरी काही आठवडे जायचा नाही. धुराड्यातून चिपाडाची काजळी उडायची. ताटात पडली की आई ती बोटाने उचलायची आणि चुलीकडे टाकायची. तीन वेळा भोंगा व्हायचा. मधल्या वेळात उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत राहायची. या सगळ्यात आमच्या घराचा खरा आवाज मात्र फार बारीक होता. बोर्डावर प्रत्येक फोनच्या नंबराखाली पितळेची नखाएवढी झडप होती. पलीकडे कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याची झडप पडायची. टक. मी झोपेतही तो आवाज ओळखायची. आज माझ्या घरात फ्रीज वाजतो, पंखा वाजतो, वरच्या मजल्यावरची मुलं काहीतरी सारखी पाडतात, पण स्वयंपाक करताना पातेल्याच्या झाकणाचा एखादा आवाज तसा आला तर मी अजून मान वळवते.

आम्ही आलो तेव्हा झडपा कमी होत्या. शेतातल्या गटांच्या ऑफिसांना मिळून एकच तार होती. ती कारखान्यातून निघून पंपहाऊसला जायची, तिथून चार नंबर गटाला, मग पाच, सहा, असं करत कालव्याच्या टोकापर्यंत. पंपहाऊसला एक लांब घंटी, चार नंबरला दोन आखूड, असा हिशोब होता. पण घंटी सगळीकडेच वाजायची आणि फोन सगळेच उचलायचे. शेतकी अधिकारी एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरांशी आपल्या मूळव्याधीबद्दल सविस्तर बोलले. दुसऱ्या दिवशी ते सहा नंबर गटावर गेले तर मुकादमाने त्यांच्यापुढे धुतलेला सुरण ठेवला. मूळव्याधीवर गावाकडे तोच देतात. साहेबांनी सुरण जीपमध्ये ठेवला आणि उसाची पाहणी केली. ते झालं एक. दुसरं म्हणजे उसाने भरलेली गाडी तारेखालून गेली की कधी कधी उसाच्या शेंड्याचं वाढं तारेत अडकायचं, तार तुटायची आणि तिथून पुढचे सगळे फोन मुके व्हायचे. मग कोंडीबा लाईनमन खांद्यावर दोर टाकून, नेमकं कुठे तुटलंय ते शोधत, अख्खी तार पायी फिरायचा.

शेवटी चीफ इंजिनिअर साहेबांनी अण्णांना विचारलं, पलटणीत काय करायचे. अण्णांनी सांगितलं. एका उन्हाळ्यात कोंडीबाने खांब रोवले आणि पुढच्या हंगामाला आमच्या छपरावर सोळा दिशांनी सोळा जोड तारा आल्या. दिशा सोळा नसतात हे मला कळतं, पण खालून पाहताना तसंच वाटायचं. आईने त्यांच्याकडे पाहून विचारलं की वाळवण कुठे घालायचं. अण्णांनी रात्री जेवताना तिला समजावून सांगितलं. आता प्रत्येकाची तार स्वतंत्र. प्रत्येक तार फक्त इथपर्यंत येणार, एकमेकांकडे कुणाचीच जाणार नाही. चार नंबरला पंपहाऊसशी बोलायचं असेल तरी आधी इथे यायचं. चारची झडप पडली की मी दोरीची एक पिन चारच्या भोकात घालणार, विचारणार कोण पाहिजे, आणि त्याच दोरीची दुसरी पिन पंपहाऊसच्या भोकात. बोलणं दोघांचंच. तिसऱ्याला ऐकू जाणार नाही. चारची तार तुटली तर चार मुका, पाचला पत्ताही लागणार नाही. उद्या सतरावा फोन आला तर त्याची एक तार इथे आणायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"आन् इथंच काय झालं तर?" आई म्हणाली.

"इथं काय होतंय. भिंती पक्क्या आहेत."

आईने त्यांच्या ताटात कालवण वाढलं. ती भिंतींबद्दल विचारत नव्हती.

माझ्या भाचीची मुलगी पुण्यात एका कंपनीत हेच काम करते. तिने मला तिच्या घरातली एक दिवे लुकलुकणारी डबी दाखवली आणि सांगितलं की सगळी यंत्रं या डबीला जोडलेली असतात, आपसात नसतात, याला स्टार म्हणतात. मी म्हटलं, मला माहीत आहे. तिला ते खरं वाटलं नाही. मी विचारलं, डबी आजारी पडली तर काय करता. ती म्हणाली, "बंद करून परत चालू करायची, आजी."

आणखी एक गोष्ट त्या सोळा तारांनी केली, तिच्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. वसाहतीत आमच्या घरचं पाणी न चालणारी घरं बरीच होती. बोर्डाच्या खोलीत कामाला आलेला माणूसही उंबऱ्यापाशी उभा राहून बोलायचा. पण त्या हंगामापासून कारखान्यातला कुठलाही शब्द आमच्या खोलीतून गेल्याशिवाय दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचत नव्हता. "अण्णा, जरा लाईन द्या," असं सगळ्यांना म्हणावं लागायचं. अण्णा सगळ्यांना सारख्याच आवाजात "देतो" म्हणायचे.

अण्णांना कमी ऐकू येतंय हे मला कधी कळलं ते सांगता येत नाही, कारण त्यांनी ते फार हुशारीने लपवलं होतं. झडप डोळ्यांना दिसते. कोण बोलतंय ते कळायला कान लागत नाही. कोण पाहिजे आहे हे मात्र ऐकावं लागतं, आणि तिथे अण्णांनी सवयींवर भागवलं. पाच नंबर सकाळी दहाला आणि चार नंबर अकरानंतर वजनकाटाच मागणार. मॅनेजर साहेबांच्या बाई दुपारी दवाखाना मागणार. लॅबोरेटरी भोंग्याआधी कँटीन मागणार. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलं की अण्णा म्हणायचे, "लाईन खराब आहे, पुन्हा बोला." मॅनेजर साहेबांच्या बाईंना एकदा दवाखान्याऐवजी गॅरेज मिळालं आणि त्यांनी मिस्त्रीला पोटात कळ येते असं सांगितलं. मिस्त्री म्हणाला, गाडी घेऊन या, बघतो.

कोंडीबाला अण्णांच्या तक्रारींवरून चांगल्या तारा तपासत हिंडावं लागायचं. तो जवळच्याच वस्तीवरचा, माळकरी घरातला, कमी बोलणारा माणूस. एक दिवस अण्णा जेवत असताना तो बोर्डाच्या खोलीत आला आणि मला हळू म्हणाला, "शालनबाई, एका नंबरची लाईन खराब असंल तर तार खराब. मी चढतो. पर आता सोळाच्या सोळा खराब म्हनत्यात. सोळा तारा एकदम बिघडत न्हाईत. त्या जिथं येत्यात तिथंच बघाया पायजे." मी बोर्डावरच्या दोऱ्या सारख्या करायला लागले. तो म्हणाला, "मी काय कुनाला सांगत न्हाई," आणि गेला.

माझं मॅट्रिक झालेलं होतं आणि पुढे काय ते ठरायचं होतं, म्हणून मी अण्णांच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. बोर्डाला जादा हेडफोन होता. तो मी कानाला लावायची, आणि पलीकडचा माणूस बोलला की मांडीवरच्या पाटीवर नंबर लिहायची. अण्णा पाटीकडे न बघितल्यासारखं बघायचे आणि पिन घालायचे. याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोललो नाही. आई मला स्वयंपाकाला हाक मारायची बंद झाली, त्यावरून तिलाही माहीत होतं. जवळजवळ दोन वर्षं असं चाललं. लाईनी सुधारल्या म्हणून चीफ इंजिनिअर साहेबांनी कोंडीबाचं कौतुक केलं.

मग मला बघायला पाहुणे आले. मुलगा भिंगारला मिलिटरीच्या डेपोत कारकून होता. अण्णांच्या पलटणीतल्या दोस्ताने स्थळ सुचवलं होतं. मुलगा, त्याचे मामा आणि एक चुलती असे तिघं सकाळी अकराच्या सुमाराला आले. आईने मागच्या वर्षीच्या कुरडया जपून ठेवल्या होत्या, त्या तळल्या. मला इरकली नेसवून मधल्या खोलीत सतरंजीवर बसवलं. अण्णा पाहुण्यांपाशी थोडा वेळ बसले आणि मग बोर्डावर गेले, कारण हंगाम भरात होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते त्या वेळेला एकटे बोर्डावर होते.

मामांनी माझं नाव विचारलं, शाळा विचारली. दारातून टक असा आवाज आला. अण्णा "नंबर?" म्हणाले, मग "देतो" म्हणाले, आणि दुसरी घंटी वाजवली. चुलतीने विचारलं, शिवण येतं का. मी हो म्हटलं. पुन्हा टक. पुन्हा "देतो". मी मनात म्हटलं, एकाच नंबरची आहे; चारची झडप किंचित सैल होती आणि तिचा आवाज जरा बसका यायचा. मामा म्हणाले, स्वयंपाक सगळा येतो ना. टक. या वेळी अण्णांचा आवाज वर गेला. "देतोय ना, वजनकाटाच देतोय."

चार नंबरचे विठ्ठलराव फार कमी बोलायचे. एका गोष्टीसाठी तीनदा हँडल फिरवणारा तो माणूस नव्हता. मी उठले. आई "शालन" असं म्हणाल्याचं ऐकलं. मी बोर्डाच्या खोलीत गेले आणि अण्णांच्या डोक्यावरून हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातला. तोपर्यंत मी अण्णांना असा हात कधीच लावला नव्हता.

"बोर्डावर कोन हाय?" विठ्ठलराव म्हणत होते. त्यांना दम लागला होता. "पंपहाऊस द्या. तीनदा झालं, पंपहाऊस द्या म्हनतोय."

"शालन बोलतेय. काय झालं?"

"गाडी पान्याच्या चारीत कलंडलीय. बाई अडकलीय खाली. मोळ्यांनी पानी तुंबलंय, वर चढतंय. इंजिन बंद करा म्हनावं."

चार नंबरच्या ओट्यावरून पंपहाऊस दिसायचं. मध्ये ओढा होता आणि ओढ्याला वळसा घालून जावं लागे. विठ्ठलरावांनी एक माणूस तिकडे पळत पाठवला होता. जुनी तार असती तर पंपहाऊसवाल्याने, नेहमीप्रमाणे, चोरून ऐकलंच असतं. आता त्या दोन फोनांमध्ये तार नव्हती. विठ्ठलरावांचा शब्द तीन मैल आमच्या खोलीत येत होता, आणि तिथून तीन मैल परत गेला तरच ओढ्यापलीकडे पोचणार होता. तीनदा तो आमच्या खोलीत येऊन वजनकाट्याला गेला होता, आणि काट्याच्या कारकुनाने "राँग नंबर" म्हणून तीनदा खाली ठेवला होता.

मी पिन पंपहाऊसच्या भोकात घातली आणि हँडल फिरवत राहिले. इंजिनच्या आवाजात तिथे घंटी ऐकू यायला वेळ लागायचा. माझा हात दुखेपर्यंत मी फिरवलं. मग हरिभाऊ इंजिनवाल्याने उचललं.

"इंजिन बंद करा."

"कुनाचा हुकूम?"

"चारीत बाई अडकलीय. आधी बंद करा. हुकूम मागनं येईल."

 मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि हेडफोनमधून मागे चाललेली इंजिनची धडधड हळूहळू मंदावत थांबली. मी विठ्ठलरावांना सांगितलं, थांबलं. दवाखान्याला पिन घातली, मग गॅरेजला. जीप निघाली. पळत गेलेला माणूस पंपहाऊसला पोचला तेव्हा हरिभाऊ बाहेर येऊन ओट्यावर उभा होता.

हे सगळं होईपर्यंत अण्णा माझ्या बाजूला उभे होते. त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता, पण माझ्या हातातल्या पिना कुठल्या भोकात जातायत ते दिसत होतं. पंपहाऊस, दवाखाना, गॅरेज. या क्रमाचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळणार. ते आत जाऊन चुलीपाशी बसले. पाहुणे केव्हा गेले ते मला ठाऊक नाही. आठवड्याने पत्र आलं की मुलगी चपळ आहे, आम्हाला शांत मुलगी हवी आहे.

बाईचं नाव साखरबाई. पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली. पाणी हनुवटीला लागून थांबलं होतं. कमरेचं हाड मोडलं. मी चार दिवसांनी तिला दवाखान्यात भेटायला गेले. जाताना ठरवलं होतं की खरं सांगायचं, कारण दोन वर्षं आम्ही तिघांनी मिळून ते झाकलं होतं आणि त्यात पाटी माझी होती. मी सांगितलं. साखरबाई छताकडे बघत पडली होती.

"तुजा बाप भयिरा हाय?"

"हो."

"मग त्यानं तसं सांगाया नको का?"

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"जाईल की," ती म्हणाली. "माजी कंबर गेली." नंतर तिने मला उशी जरा वर करायला लावली. राग होता की नव्हता ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. ती पुढे चालायला लागली, पण एका बाजूला झुकून, आणि कोयता तिने परत हातात धरला नाही. तिच्याबद्दल लिहिताना मला अजून लेखणी थांबवावी लागते.

कारखान्याने या प्रकाराची चौकशी लावली; तिच्या आदल्या संध्याकाळी कोंडीबा आला. तो अण्णांच्या अगदी समोर बसला, म्हणजे त्यांना ओठ दिसतील असा. "अण्णा, तुमी फकस्त म्हना, चारची तार खराब हुती. मी सकाळी चढतो आन् तुटकी तार दाखवतो."

"चांगली तार तोडणार?"

"मीच बांधलीय. मी तोडीन न्हाई तर कोन तोडंल."

अण्णांनी विचार केला. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांना ते थोडा वेळ पटलं होतं. मग ते म्हणाले, "नको. विठ्ठलरावांना माझा आवाज स्वच्छ जात होता."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पलटणीतला कोट घातला. मी ऑफिसाबाहेर बाकावर बसले. आत काय चाललंय हे ऐकायला मला मुळीच कष्ट पडले नाहीत, कारण ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. सगळ्या ऑफिसने ते ऐकलं.

"तार चांगली होती. माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली."

मॅनेजर साहेबांचं पुटपुटणं कळलं नाही. बहुधा अण्णांनाही कळलं नसावं, पण प्रश्न काय असणार ते त्यांना माहीत होतं.

"मुलगी ऐकत होती," अण्णा म्हणाले.

त्यांना काढलं नाही, स्टोअरमध्ये पाठवलं. नट-बोल्ट मोजून द्यायचे, हाताखालचं काम. बोर्डावर कुणाला बसवायचं यावर दोन दिवस वाद झाला. बाईमाणूस कसं, असं काही जण मोठ्याने म्हणाले. परत त्यांच्यातलंच का, असं काही जण हळू म्हणाले. पण ते फोनवरच म्हणाले, आणि बोर्डावर तेव्हा मीच होते. चीफ इंजिनिअर साहेब म्हणाले, सोळा जणांच्या वेळा पाठ असलेला दुसरा कुणी असेल तर आणा. मला तात्पुरती ऑर्डर मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी त्या नोकरीत होते.

पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता स्टोअरची झडप पडली. मी पिन घातली आणि विचारलं, "नंबर?"  मग अण्णांचा मोठा आवाज आला.

"शालन. मी बोलतोय. मला काही ऐकू येणार नाही, पण तू जेवलीस का ते सांग."

मी जेवले नव्हते. मी तसं सांगितलं. हात दुखतो म्हणून सांगितलं. त्यांच्या डोक्यावरून हेडफोन ओढला त्याचं मला वाईट वाटतं, हेही सांगितलं. समोरासमोर ते मला कधी जमलं नसतं. इतर झडपा पडत होत्या, त्या मी तशाच पडू दिल्या. अण्णा तेवढा वेळ थांबले, एखादं माणूस जितका वेळ बोलेल अशा अंदाजाने, मग म्हणाले, "बरं. ठेवतो." आणि ठेवला. ते स्टोअरमध्ये होते तोवर रोज एकला ही झडप पडली. कुठे जोडून द्यायचं नसे.